फ्रेंच भाषेंतील 'जर-तर'

फ्रेंच भाषेंत एक म्हण आहे. कोणी नुसत्या कल्पनेच्या भराऱ्या मारूं लागला, म्हणजे त्याला जमिनीवर आणण्यासाठीं ती वापरतात. "आव्हेक दे सि, ओं मेत्रे पारी आँ बुतेय," म्हणजे "नुसत्या 'जर'च्या बळावर सबंध पॅरिस शहर बाटलींत भरतां येईल." फ्रेंच 'सि' म्हणजे मराठी 'जर'. मराठी माणसाला ही म्हण ऐकून आत्याबाईच्या मिशांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाहीं. आत्याबाईला मिशा असत्या, तर तिला काका म्हटलें असतें! सीन नदीच्या कांठीं काय किंवा मुळा-मुठेच्या कांठीं काय, 'जर-तर'वर विसंबून राहणाऱ्यांची लोकांनीं सारखीच थट्टा केली आहे.

थट्टा कितीहि केली तरी 'जर-तर'वांचून कोणत्याहि भाषेचें पान हालत नाहीं. मनुष्य आहे त्या गोष्टीविषयीं जितकें बोलतो, तितकेंच नाहीं त्या गोष्टीविषयींहि बोलतो. आशा असो, पश्चात्ताप असो, व्यापाऱ्याचा अंदाज असो कीं वैद्याचा सल्ला असो, हीं सर्व बोलणीं शेवटीं 'जर-तर'च्याच आश्रयाला येतात. आणि येथेंच भाषेपुढें एक अवघड प्रश्न उभा राहतो. घडलेली गोष्ट सांगण्यास भूतकाळ आहे, घडत असलेली सांगण्यास वर्तमानकाळ आहे; पण जी गोष्ट नाहींच, ती कोणत्या काळांत सांगावयाची? फ्रेंच भाषेनें या प्रश्नाला दिलेलें उत्तर नवख्या विद्यार्थ्यास प्रथम चमत्कारिक वाटतें. जें आज नाहीं, किंवा जें उद्यां कदाचित् घडेल, तें ती भूतकाळांत सांगते.

फ्रेंच शिकूं लागलेल्या मराठी विद्यार्थ्याची या ठिकाणीं काय स्थिति होते, तें पाहण्यासारखें आहे. आरंभींच्या धड्यांत त्याची एका भूतकाळाशीं ओळख होते. त्याचें फ्रेंच नांव 'अँपार्फे', म्हणजे अपूर्ण भूतकाळ. जी क्रिया एकदां होऊन संपली ती या काळांत येत नाहीं. तिच्यासाठीं वेगळा भूतकाळ आहे. अपूर्ण भूतकाळांत येते ती चालूं असलेली, वारंवार होणारी किंवा वर्णनांतील क्रिया. "तो जात होता", "तो जात असे", "तो जाई" या तिन्ही मराठी रूपांचें काम फ्रेंचमध्यें हें एकच रूप करतें. 'ज'एते' म्हणजे 'मी होतों' आणि 'ज'आव्हे' म्हणजे 'माझ्याजवळ होतें', इतकें विद्यार्थी पाठ करतो आणि निर्धास्त होतो.

कांहीं आठवड्यांनीं पुस्तकांत वाक्य येतें, "सि ज'एते रीश". 'रीश' म्हणजे श्रीमंत. शब्दाला शब्द ठेवला तर "जर मी श्रीमंत होतों" असें होतें. अर्थ मात्र असा नव्हे. अर्थ आहे, "मी श्रीमंत असतों तर". बोलणारा पूर्वीं श्रीमंत होता असें त्यास सुचवावयाचें नाहीं. तो आज श्रीमंत नाहीं, इतकेंच त्याला सांगावयाचें आहे. येथपर्यंत विद्यार्थी कसाबसा समजूत करून घेतो. पुढें "सिल प्लोव्हे दमँ" असें वाक्य आलें, म्हणजे त्याचा धीर सुटतो. 'दमँ' म्हणजे उद्यां, आणि 'प्लोव्हे' म्हणजे पाऊस पडत होता! उद्यांचा पाऊस काल कसा पडत होता, हें कोडें त्याला सुटत नाहीं.

हें कोडें सोडविण्यापूर्वीं नियम काय आहे तो स्पष्ट करून घेणें बरें. फ्रेंच 'जर-तर'ला तीन पायऱ्या आहेत, आणि पावसाचें एकच उदाहरण तिन्हींना पुरेल. देवनागरींत हे उच्चार जवळपासच उतरतात, एवढें मात्र ध्यानांत ठेवावें.

पहिली पायरी मोकळ्या शक्यतेची. "सिल प्लो, इल रेस्तरा शे लुइ," म्हणजे "पाऊस पडला, तर तो घरीं राहील." येथें 'जर'च्या खंडांत वर्तमानकाळ आणि 'तर'च्या खंडांत भविष्यकाळ येतो. पाऊस पडेल कीं नाहीं याविषयीं बोलणाऱ्यानें आपला कल कळूं दिलेला नाहीं.

दुसरी पायरी कल्पनेची. "सिल प्लोव्हे, इल रेस्तरे शे लुइ." येथें 'जर'च्या खंडांत अपूर्ण भूतकाळ आला, आणि 'तर'च्या खंडांत 'रेस्तरा' या भविष्याच्या जागीं 'रेस्तरे' हें संकेतार्थाचें रूप आलें. या वाक्याचा अर्थ असा कीं, पाऊस पडत नाहीं, किंवा पडण्याचा फारसा संभव दिसत नाहीं. पण तो पडतो अशी कल्पना केली, तर तो मनुष्य घरीं राहील.

तिसरी पायरी हुकलेल्या गोष्टीची. "सिलाव्हे प्ल्यू, इल सरे रेस्ते शे लुइ," म्हणजे "पाऊस पडला असता, तर तो घरीं राहिला असता." पाऊस पडला नाहीं आणि तो घरीं राहिलाहि नाहीं. आतां त्यांत कोणाला कांहींच करतां येण्यासारखें नाहीं. येथें 'जर'च्या खंडांत भूतकाळ आणखी एक पाऊल मागें सरतो.

या तीन वाक्यांकडे एकत्र पाहिलें, म्हणजे एक गोष्ट सहज नजरेस येते. गोष्ट वास्तवापासून जसजशी दूर जाते, तसतसें क्रियापद भूतकाळांत मागें मागें जातें. शक्यता मोकळी असतां वर्तमानकाळ; ती कल्पनेंत गेली कीं भूतकाळ; ती कायमची हुकली कीं भूताच्याहि मागचा भूतकाळ. कोड्याचें उत्तर याच क्रमांत आहे. तथापि त्या उत्तराकडे जाण्यापूर्वीं या रचनेंत जी एक नाजूक जागा आहे, ती पाहिली पाहिजे.

"सिल प्लोव्हे" हा खंड एकटाच ऐकला, तर तो आठवण सांगतो कीं कल्पना करतो, हें समजण्यास मार्ग नाहीं. कारण "सिल प्लोव्हे, इल रेस्ते शे लुइ" असेंहि वाक्य होऊं शकतें. त्यांत दोन्ही खंडांत अपूर्ण भूतकाळ आहे, आणि अर्थ अगदीं साधा आहे: "पाऊस पडला, कीं तो घरीं राही." हें कोणा म्हाताऱ्याच्या जुन्या संवयीचें वर्णन झालें. 'रेस्ते' म्हटलें तर खरोखरचा भूतकाळ, आणि 'रेस्तरे' म्हटलें तर निव्वळ कल्पना! दोहोंच्या मध्यें एका 'र'चा काय तो फरक. फ्रेंच ऐकणाऱ्याचा कान त्या 'र'साठीं उभा असतो. तो ऐकूं आला, कीं मागच्या खंडाचा अर्थ लागतो.

आणि नेमका हाच 'र' मुलांच्या तोंडीं भलत्या ठिकाणीं जातो. 'तर'च्या खंडांत संकेतार्थ आहे, मग 'जर'च्या खंडांत तो कां नसावा, असें मुलांच्या मनाला साहजिकच वाटतें. 'सि ज'आव्हे' म्हणण्याच्या ऐवजीं तीं 'सि ज'ओरे' म्हणून बसतात. ही चूक सुधारण्यासाठीं फ्रेंच शाळांत एक वाक्य पाठ करून घेतात: "ले सि नेम पा ले रे." म्हणजे 'सि'ला 'रे' आवडत नाहींत, 'जर'च्या खंडांत 'रे'नें संपणारें रूप घालूं नये. यांत एक श्लेषहि आहे. 'सि' या उच्चाराचा दुसरा शब्द म्हणजे करवत, आणि 'रे' या उच्चाराचा दुसरा शब्द म्हणजे एक चपटा मासा. करवतींना मासे आवडत नाहींत, असें ऐकून मुलें हंसतात आणि नियम लक्षांत ठेवतात. या नियमाला एक अपवाद आहे. 'तो येईल कीं नाहीं कोण जाणे' अशा वाक्यांतील 'कीं नाहीं'साठींहि फ्रेंचमध्यें 'सि'च येतो, आणि त्या 'सि'ला 'रे'चें वावडें नाहीं. मराठींत या दोन अर्थांना दोन वेगळे शब्द असल्यामुळें मराठी विद्यार्थ्याला येथें त्रास पडत नाहीं.

मुलांच्या या चुकीला फ्रान्समध्यें एक प्रकारची कीर्तिहि लाभली आहे. लुई पेर्गो या शिक्षकी केलेल्या लेखकानें १९१२ सालीं 'बटनांचें युद्ध' या अर्थाच्या नांवाची एक कादंबरी प्रसिद्ध केली. तींत दोन शेजारच्या खेड्यांतील पोरांच्या लढाया आहेत. ईव्ह रोबेर यानें १९६२ सालीं तिच्यावरून चित्रपट काढला, आणि त्यांतील सर्वांत लहान पोराच्या तोंडचें एक पश्चात्तापाचें वाक्य फ्रान्सभर गाजलें. त्या वाक्यांत 'जर'च्या खंडांतहि संकेतार्थ आहे आणि 'तर'च्या खंडांत साहाय्यक क्रियापदहि चुकलें आहे. आज तें वाक्य लोक मुद्दाम चुकवून म्हणतात आणि हंसतात. व्याकरणाचा एक नियम साऱ्या राष्ट्राच्या विनोदाचा विषय व्हावा, यावरून तो नियम लोकांच्या मनांत किती खोल रुतला आहे, तें दिसतें.

मुलांची ही चूक तर्काला सोडून आहे काय? मुळींच नाहीं. फ्रेंचची जननी जी लॅटिन, तिच्यांत दोन्ही खंडांत एकाच जातीचें रूप येत असे. "माझ्याजवळ असतें, तर मी दिलें असतें" हें लॅटिनमध्यें "सि हाबेरेम, दोनारेम" असें होई. हीं दोन्ही रूपें संभावनार्थाचीं होत. मराठींतहि 'असतें' आणि 'दिलें असतें' यांत दोन्हीकडे 'असतें' आहेच. संस्कृतांत तर नियमच असा, कीं क्रियातिपत्ति, म्हणजे क्रियेचें न घडणें, सांगावयाचें असतां दोन्ही वाक्यांत लृङ् हें रूप यावें. तेव्हां दोन्ही पारड्यांत सारखें वजन घालण्याची फ्रेंच मुलांची वृत्ति फार जुन्या परंपरेची आहे. प्रश्न आहे तो फ्रेंच भाषेनें ती परंपरा कां मोडली, हा.

या प्रश्नाचा उलगडा 'रे' या रूपाच्या जन्मकथेंत आहे. लॅटिन भाषा पंडितांच्या हातून सुटून सामान्य लोकांच्या तोंडीं बदलत गेली, तेव्हां तिचीं जुनीं भविष्यकाळाचीं रूपें मागें पडलीं. त्यांच्या जागीं लोक एक जोडरूप वापरूं लागले. मूळ धातूच्या रूपापुढें 'माझ्याकडे आहे' या अर्थाचें क्रियापद ठेवावयाचें. 'दोनारे हाबेओ' म्हणजे 'द्यावयाचें माझ्याकडे आहे', अर्थात् 'मला द्यावयाचें आहे'. यांतूनच फ्रेंच भविष्यकाळ निघाला. मग त्याच जोडरूपांतील दुसरें क्रियापद अपूर्ण भूतकाळांत गेलें: 'दोनारे हाबेबाम', म्हणजे 'मला द्यावयाचें होतें'. हें रूप झिजत झिजत फ्रेंचमध्यें 'दोनरे' झालें. तोच संकेतार्थ, आणि तोच तो 'रे'!

याचा अर्थ असा, कीं 'रे' या रूपांत दोन वस्तु एकत्र नांदत आहेत. त्यांतील 'र' हा मूळ धातुरूपाचा, आणि भविष्याकडे बोट दाखविणारा; पुढचा 'ए' हा अपूर्ण भूतकाळाचा प्रत्यय. 'प्लोव्हे'मधील शेवटचा 'ए' आणि 'रेस्तरे'मधील शेवटचा 'ए' हे एकाच घराण्यांतले आहेत. लिहितांनाहि त्यांचीं अक्षरें एकच असतात, आणि तीं बदललीं तेव्हांहि बरोबरच बदललीं. पूर्वीं हे दोन्ही प्रत्यय निराळ्या स्वराक्षरांनीं लिहीत. उच्चार बदलून गेल्यावरहि लेखन जुनेंच राहिलें होतें. तें उच्चाराप्रमाणें करावें असा आग्रह अठराव्या शतकांत व्हॉल्तेर यानें धरला, आणि १८३५ सालीं फ्रेंच अकादमीच्या कोशाच्या सहाव्या आवृत्तींत तो मान्य झाला. तेव्हां फ्रेंच भाषेनें जुनी परंपरा मोडली असें वरवर दिसतें तें पूर्ण खरें नाहीं. दोन्ही पारड्यांत भूतकाळाचें वजन आहेच. 'तर'च्या पारड्यांत त्याबरोबर भविष्याचाहि एक कण घातला आहे, इतकेंच. आणि तो योग्यच आहे, कारण 'तर'चा खंड हा नेहमींच 'जर'च्या खंडापुढें घडावयाचा असतो.

संस्कृत जाणणाऱ्या श्रोत्यांना येथें 'अभविष्यत्' हें रूप आठवेल. लृङ्‌चीच ही घडण आहे. मधला 'स्य', म्हणजे 'भविष्यति'मधील 'ष्य', हा भविष्यकाळाचा आहे, आणि आरंभींचा 'अ' हा भूतकाळाचा आगम आहे. एका रूपांत भविष्य आणि भूत यांची गांठ घातली आहे. फ्रेंच 'रे'मध्यें जें शेवटीं आहे तें 'अभविष्यत्'मध्यें आरंभीं आहे, एवढाच काय तो भेद. दोन भाषांनीं एकमेकींकडे न पाहतां, शतकांच्या आणि हजारों कोसांच्या अंतरावर, न घडलेल्या गोष्टीसाठीं एकच युक्ति काढली. म्हणजे ही कोणा एका वैयाकरणाची लहर नव्हे. मनुष्याच्या मनाच्या रचनेशींच तिचा कांहीं संबंध असला पाहिजे.

जुनी लॅटिन धाटणी फ्रेंचमधून एकाएकीं गेली नाहीं. मध्ययुगीन फ्रेंच ग्रंथांत संभावनार्थाची जोडी आणि अपूर्ण भूत व संकेतार्थ यांची जोडी अशा दोन्ही शेजारीं शेजारीं आढळतात, आणि पुढें नव्या जोडीनें व्यवहारांतून जुनीला हुसकून लावलें. तिसऱ्या पायरीवर मात्र जुनें संभावनार्थाचें रूप ग्रंथांत दीर्घकाळ टिकलें. सतराव्या शतकांतील तत्त्वज्ञ पास्काल याचा क्लिओपात्राच्या नाकाविषयींचा विचार प्रसिद्ध आहे; त्याच्या 'जर'च्या खंडांत हेंच 'ऊत एते' असें जुनें रूप आहे. आजहि एखादा भारदस्त लेखक तें वापरतो. पण बाजारांत किंवा घरांत तें कोणी बोलत नाहीं.

आतां मूळ कोड्याकडे वळावें. उद्यांच्या पावसाला भूतकाळ कां? या शतकापूर्वींच्या शतकांत फ्रान्समध्यें या प्रश्नावर पुष्कळ विचार झाला. ग्युस्ताव्ह गियोम यानें १९२९ सालीं काळ आणि क्रियापद या विषयावर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या मतें अपूर्ण भूतकाळांत क्रियेचा कांहीं भाग झालेला आणि कांहीं भाग व्हावयाचा असा दिसतो. ती क्रिया कोठेंहि बंद झालेली नसते. झाक दामुरेत आणि त्याचा भाचा एदुआर पिशाँ या जोडीनें फ्रेंच व्याकरणावर अनेक खंडांचा ग्रंथ लिहिला, आणि त्यांत हा प्रश्न आणखी सोपा करून टाकला. त्यांचें म्हणणें असें, कीं अपूर्ण भूतकाळ हा मुळांत 'काल' सांगतच नाहीं. तो 'येथें आणि आतां' याहून वेगळ्या अशा एका मंडळांत ऐकणाऱ्याला नेतो. तें मंडळ गतकाळाचें असेल, स्वप्नाचें असेल किंवा कल्पनेचें असेल. 'आतां'पासून दूर जाणें हा या रूपाचा खरा धर्म. भूतकाळ हें त्या दूरपणाचें केवळ एक स्थान.

हा विचार एकदां पटला, म्हणजे फ्रेंच भाषेंतील कित्येक विखुरलेले प्रयोग एका सूत्रांत येतात. दुकानांत शिरलेला सभ्य मनुष्य 'मला पाहिजे' असें न म्हणतां, 'झ व्हूले', म्हणजे 'मला पाहिजे होतें', असें म्हणतो. त्याची गरज आत्तांची आहे. पण ती तो एक पाऊल मागें ठेवून मांडतो, म्हणजे ती समोरच्याच्या अंगावर जात नाहीं. मित्राला फिरावयास बोलावतांना "सि ओं आले स प्रॉमने?" असें म्हणतात. येथें 'तर'चा खंड नाहींच. नुसती सूचना हवेंत सोडून दिली आहे. खेळतांना फ्रेंच मुलें "मी शिपाई होतों आणि तूं चोर होतास" असें भूतकाळांत ठरवितात, आणि लगेच पळावयास लागतात. तो खेळ अद्याप सुरूहि झालेला नसतो! आणि थोडक्यांत टळलेला अपघात सांगतांना 'आणखी एक मिनिट, आणि आगगाडी रुळांवरून घसरत होती' अशी रचना करतात. गाडी घसरली नाहीं. पण अपूर्ण भूतकाळानें ती ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें क्षणभर घसरूं लागते.

मराठी श्रोत्याला हे प्रयोग परके वाटण्याचें कारण नाहीं. "जरा विचारावयाचें होतें," असें म्हणून कचेरीच्या दारांत उभा राहणारा मनुष्य महाराष्ट्रांत रोज दिसतो. त्याला कालचें विचारावयाचें नसतें. आत्तांचेंच विचारावयाचें असतें. "फिरावयास गेलों तर?" या प्रश्नांतहि 'गेलों' हें भूतकाळाचें रूप आहे, आणि जाणें अद्याप व्हावयाचें आहे. पायरीवरून घसरतां घसरतां सांवरलेला मनुष्य "मेलोंच होतों!" असें म्हणतो, आणि तें म्हणण्यास तो जिवंत असतो! इतकेंच काय, "पाऊस पडला तर तो घरीं राहील" हें पहिल्या पायरीचें मराठी वाक्य घेतलें, तरी त्यांत 'पडला' आहे. फ्रेंचला जें रूप दुसऱ्या पायरीवर लागतें, त्याच्या जातीचें रूप मराठी पहिल्याच पायरीवर खर्च करून टाकते. उद्यांचा पाऊस काल कसा पडला, असें जर कोणा फ्रेंच विद्यार्थ्यानें विचारलें, तर मराठी माणसाला आपल्या घरांतले कोडें प्रथमच दिसूं लागेल.

मात्र मराठी आणि फ्रेंच यांचे मार्ग पुढें वेगळे होतात, आणि तो वेगळेपणा भाषांतरकारानें विसरून चालत नाहीं. मराठींत पूर्वीं 'पाऊस पडता, तर तो घरीं राहता' अशी सुटसुटीत रचना होती. जुन्या व्याकरणांत आणि जुन्या गद्यांत ती आढळते. आजच्या बोलण्यांत ती विरळ झाली आहे. परिणामीं फ्रेंचच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीसाठीं मराठीजवळ बहुधा एकच रूप उरतें: 'पडला असता तर राहिला असता'. तें आजच्या अभावालाहि लागूं पडतें आणि कालच्या हुकलेल्या गोष्टीलाहि. 'आज' किंवा 'काल' असा शब्द घालून मराठी वेळ भागवून नेते. फ्रेंचमध्यें तो भेद क्रियापदाच्या अंगांतच आहे. आणि फ्रेंचची दुसरी पायरी तर दुहेरी आहे. ती आज नसलेल्या गोष्टीविषयीं बोलते, तशीच उद्यां घडूं शकेल पण घडण्याचा भरंवसा नाहीं अशा गोष्टीविषयींहि बोलते. दार लोटलेलें असतें. त्याला कुलूप लागलेलें नसतें.

हा भेद पुस्तकी नाहीं. 'बटनांचें युद्ध' लिहिणारा पेर्गो पहिल्या महायुद्धांत सैन्यांत गेला, आणि १९१५ सालच्या एप्रिलमध्यें रणांगणावर नाहींसा झाला. त्याचा देह कधींच सांपडला नाहीं. त्याच्यासारखे असंख्य सैनिक त्या चार वर्षांत बेपत्ता झाले, आणि त्यांच्या घरच्या माणसांना मृत्यूची खात्रीहि मिळाली नाहीं आणि जीविताचीहि मिळाली नाहीं. अशा एखाद्या घरांतील माता खिडकीशीं बसून "सिल रव्हने..." एवढेंच म्हणून थांबली, अशी कल्पना करावी. 'रव्हने' हें 'परत येणें' या क्रियापदाचें अपूर्ण भूतकाळाचें रूप आहे. मराठी भाषांतरकारानें हें वाक्य कसें उतरावें?

नियम पाठ असलेला पण कान तयार नसलेला भाषांतरकार 'तो परत आला असता तर...' असें लिहून मोकळा होईल. दुसऱ्या पायरीला मराठींत हेंच रूप लागतें, असें त्यानें ठरविलेलें असतें. पण तसें लिहितांच त्यानें त्या मातेचा मुलगा मारून टाकला. 'आला असता तर' या शब्दांत आशा शिल्लक राहत नाहीं. त्या मातेस तें म्हणावयाचें असतें, तर तिच्या भाषेंत त्यासाठीं तिसरी पायरी तयार होती. ती 'सिलेते रव्हन्यू' असें म्हणाली असती. तिनें तें म्हटलें नाहीं. उलट, नुसतें 'तो परत आला तर' असें लिहिलें, तर एखाद्या सुट्टीवर येणाऱ्या मुलाचें तें वाक्य होईल. तें फार मोकळें आणि फार निर्धास्त आहे. फ्रेंचमध्यें त्याला पहिली पायरी होती, आणि तीहि तिनें सोडून दिली. मराठींत येथें 'समजा, तो परत आलाच तर...' किंवा 'चुकून कधीं तो परत आला तर...' असा एखादा जोड द्यावा लागतो. 'समजा', 'चुकून', 'एखादे वेळीं' आणि तो लहानसा 'च', हीं मराठीचीं साधनें. फ्रेंच जें काम एका प्रत्ययावर भागविते, तें मराठी या शब्दांवर भागविते. आणि तें तितक्याच चांगल्या रीतीनें भागवितां येतें, परंतु मूळ वाक्यांतील काळ नीट ऐकला असेल तरच.

म्हणून फ्रेंच शिकणाऱ्यानें 'सि'नंतरच्या या भूतकाळाला पाहून गोंधळून जाऊं नये, आणि 'रे' टाळावयाचा एवढाच नियम पाठ करून थांबूंहि नये. तेथें क्रियापद कालची हकीकत सांगत नाहीं. बोलणाऱ्यानें ती गोष्ट आपल्या वास्तवापासून किती दूर ठेवली आहे, तें सांगत असतें. पॅरिस शहर बाटलींत मावणार नाहीं आणि आत्याबाईला मिशा येणार नाहींत, हें सर्वांस ठाऊक आहे. पण जेथें उत्तर कोणासच ठाऊक नसतें, तेथें त्या मातेच्या तोंडचा शेवटचा 'ए' नीट ऐकणें हें भाषांतरकाराचें पहिलें कर्तव्य आहे.